डब्ल्यू, दोन शून्यं आणि टी

मी अ‍ॅप आणि गेमचा मजकूर मराठीत आणते. पडद्यावरचे छोटे छोटे तुकडे: 'पुढे चला', 'पुन्हा प्रयत्न करा', 'वेळ संपली'. एक्सेलच्या डाव्या रकान्यात इंग्रजी, उजवा रकाना माझा. मागच्या महिन्यात एका कोड्यांच्या गेमची ४१२ ओळींची फाइल आली. तिच्यातली २०७वी ओळ अशी: आधी डब्ल्यू, मग दोन शून्यं, मग टी, आणि शेवटी उद्गारचिन्ह.

मला वाटलं, कोडचा तुकडा चुकून राहिलाय. असे तुकडे फायलीत असतातच. महिरपी कंसात एखादा आकडा असतो, तिथे खेळाडूचं नाव किंवा गुण येऊन बसतात, त्याला हात लावायचा नसतो. मी इमानदारीत शेऱ्यात लिहिलं, 'ओळ २०७ मध्ये बहुधा चूक आहे, कृपया तपासा.' दोन तासांनी उत्तर आलं: 'चूक नाही. खेळाडूने लेव्हल पार केली, त्याचा आनंद.' पुढे एक हसरा चेहरा. तो माझ्याकडे बघूनच हसत होता.

तर तो शब्द 'वूट'. मधली दोन शून्यं म्हणजे दोन 'ओ'. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी, १९८०च्या दशकात, बुलेटिन बोर्ड होते: फोनच्या तारेवरून संगणक जोडायचा आणि एकमेकांना निरोप लिहायचे. तिथल्या पोचलेल्या मंडळींनी स्वतःला 'एलीट' म्हणवून घेतलं, त्याचं झालं 'लीट', आणि अक्षरांऐवजी आकडे लिहायची त्यांची तऱ्हाही त्याच नावाने ओळखली गेली. इंग्रजी आकड्यांतला एक म्हणजे एल, तीन म्हणजे उलटा ई, सात म्हणजे टी. म्हणून 'लीट' लिहायचं एक-तीन-तीन-सात. आपल्या लिपीत असं काही जमतं का, म्हणून मी कागदावर खटपट करून पाहिली. ५ हा 'प' म्हणून खपतो, ३ हा 'उ' म्हणून. त्यामुळे 'उपमा' हा शब्द '३५मा' असा लिहिता येतो. त्यापुढे माझी गाडी अडली.

शब्दाच्या जन्माच्या गोष्टी मात्र भरपूर आहेत. सगळ्यात लोकप्रिय गोष्ट अशी, की 'वी ओन्ड दि अदर टीम' म्हणजे 'समोरच्या टीमला आम्ही पार लोळवलं', याची ही आद्याक्षरं. ऐकायला छान, पण मला पटत नाही. आधी शब्द रुळतो, मग कुणीतरी हुशार माणूस त्याची आद्याक्षरं फोडून वाक्य बनवतो. 'पॉश'बद्दलही जहाजाच्या डाव्या-उजव्या केबिनींची अशीच कथा सांगतात, तीही पुराव्याविनाच. दुसरी गोष्ट खेळांतली: खजिना सापडला की 'वाव, लूट!' आणि त्याचा चिरडून 'वूट'. यातला 'लूट' आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला, त्यामुळे ही गोष्ट खरी निघावी असं मला उगाच वाटतं. त्यातल्या त्यात विश्वास बसतो तो नाचाच्या आरोळीवर. १९९३ साली अमेरिकेत दोन वेगळ्या गटांची जवळजवळ सारख्याच शब्दांची दोन गाणी गाजली, एकात आरोळी 'वूट', दुसऱ्यात 'वूम्प'. गर्दीत आधी ओरडलं गेलं आणि नंतर टाइप झालं, हा क्रम मला नैसर्गिक वाटतो.

२००७ साली मेरियम-वेबस्टर कोशाच्या संकेतस्थळावर वाचकांनी मतं देऊन वर्षाचा शब्द निवडला. निवडला तो हाच, आणि तोही दोन शून्यांसकट. दुसऱ्या क्रमांकावर 'फेसबुक' होतं, क्रियापद म्हणून. २०११ मध्ये कन्साइज ऑक्सफर्डच्या बाराव्या आवृत्तीतही तो गेला, तिथे मात्र शून्यांच्या जागी साधे 'ओ'. कोशात शिरताना जरा केस विंचरून जावं लागतं.

अर्थ एका दमात सांगायचा तर, बोलणाऱ्याला झालेल्या आनंदाची आरोळी. पण माझं काम अर्थावर भागत नाही, मला उजवा रकाना भरायचा असतो. तिथे जागा आठ अक्षरांची.

पहिल्यांदा सुचलं 'अरे वा!'. पण 'अरे वा' बघणारा म्हणतो, करणारा नाही. तुम्ही कोडं सोडवलंत आणि मी शेजारी उभी आहे, तर 'अरे वा' माझं. 'शाब्बास' तर वरून खाली येतं, थोरांकडून धाकट्यांकडे. स्वतःलाच 'शाब्बास' म्हणणारा माणूस आरशासमोर उभा असणार. 'जिंकलो' लिहावं तर खेळणारी बाई असेल, 'जिंकले' लिहावं तर बाप्या असेल. 'हुर्रे' बरोबर बसतं, पण ते छापील आहे; पाठ्यपुस्तकातली मुलं सहलीला निघताना म्हणतात तसं. शिवाय मराठीत 'हुर्रे' आणि 'हुर्यो' यांच्यात फारच थोडं अंतर. एक आनंदाने करायचं, दुसरी समोरच्याची उडवायची. टायपिंगमध्ये बोट घसरलं तर जिंकलेल्या खेळाडूची आम्हीच हुर्यो उडवणार. गंमत म्हणजे इंग्रजीतही 'वूट' आणि 'हूट' असेच चिकटून बसलेले आहेत.

'फत्ते!' आवडलं होतं. पण त्याच्यामागे 'काम' हवं, आणि कोडं सोडवणं हे काही काम नव्हे.

शेवटी 'जमलं!' लिहिलं. ना बाई ना बुवा, ना मोठा ना लहान. 'जमलं' म्हणणारा स्वतःशीच म्हणतो, ऐकायला कुणी असो-नसो.

मी खुशीत भाचीला दाखवलं. ती चौदा वर्षांची. तिने इंग्रजी रकान्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, वूट कोण म्हणतं आता? ते तुमच्या वेळचं." मग आता काय म्हणतात? तर 'लेट्स गो!'. जिंकल्यावर, बसल्या जागी, कुठेही न जाता 'लेट्स गो'. मी तिला विचारलं, याचं मराठीत काय करशील? ती म्हणाली, "काही नाही, लेट्स गोच." तिचा रकाना तिथेच भरला.

जुना झाला म्हणजे मेला असं मात्र नाही. 'वूट वूट' असं दोनदा म्हणून हवेत मूठ फिरवणारे अजून आहेत, अर्धी थट्टा, अर्धा आनंद. शब्द एकटाच उभा राहतो, किंवा 'वूट, सुट्टी!' असा पुढच्या गोष्टीला धक्का देतो. किरकोळ विजयांनाच तो शोभतो: कूपन लागू झालं, फाइल पहिल्या फटक्यात उघडली. लग्न ठरल्याच्या पत्रात किंवा साहेबांच्या मेलमध्ये घालू नये.

आणि विजयच हवा असंही नाही. मेरियम-वेबस्टरने तेव्हा समजावताना जे म्हटलं होतं त्याचा आशय असा, की हा आनंद काहीतरी जिंकल्यावरचा असेल किंवा अगदी विनाकारणही असेल. हे विनाकारण प्रकरण ओळ ३६८ ला माझ्यासमोर आलं. अ‍ॅप शुक्रवारी उघडलं की दिसणारी ओळ: तेच डब्ल्यू, दोन शून्यं, टी, आणि 'आज शुक्रवार'. इथे 'जमलं' कसं लिहिणार? शुक्रवार कुणी जमवत नाही, तो येतो.

संध्याकाळभर ती ओळ पिवळी ठेवली. मग खालून मुलांचा आवाज आला. दिवे गेले होते आणि आत्ताच आले होते. मुलं जे ओरडली ते मी तसंच्या तसं उजव्या रकान्यात उतरवलं: 'येऽऽ! आज शुक्रवार!' इंग्रजीत दोन 'ओ' जे काम करतात, तेच आमचे दोन अवग्रह (ऽ) करतात.

परवा तपासनीसाचा शेरा आला. त्याला मराठी येत नाही, तो फक्त चिन्हं आणि अंतरं बघतो. 'ओळ ३६८ मध्ये मराठी मजकुरात इंग्रजी एस दोनदा आला आहे. बहुधा चूक आहे, कृपया तपासा.'

मी लिहिलं, 'चूक नाही. शुक्रवार आला, त्याचा आनंद.' आणि पुढे एक हसरा चेहरा.