एकाच शेड नंबरचे दोन डबे : स्वयंपाकघराच्या रंगाचा माझा अनुभव

स्वयंपाकघराचा रंग ठरवायला मला चार दिवस लागले आणि ठरलेला रंग दुकानातून नीट मिळवायला अकरा. शेड कसा निवडावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. निवडलेला शेड डब्यात येताना कुठे बिघडतो, हे मात्र भिंतीवर पट्टा उमटेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी जागा सांगते, म्हणजे आकडे कळतील. ठाण्यातला फ्लॅट, स्वयंपाकघर 8 बाय 10, उंची साडेनऊ फूट. खिडकी एकच, उत्तरेला, आणि समोर लगेच दुसरी इमारत. एल आकाराचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर दोन फूट फिक्या पिवळसर टाइल्स, खाली गडद लाकडी रंगाच्या ट्रॉल्या. चारही भिंती मिळून 342 चौरस फूट. त्यातून टाइल्स आणि ट्रॉल्यांचा भाग, वरची कपाटं, दार, खिडकी वजा केली की रंगवायला उरतात साधारण 220. धुता येणारा चांगला इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे 120 ते 140 चौरस फूट जातो. म्हणजे हिशेबाने दोन लिटर पुरायला हवा होता. छताचे 80 फूट वेगळे, ते पांढरेच ठेवले. अशा कमी उजेडाच्या खोलीत छताला रंग देऊ नका, भिंतींवर पडणारा निम्मा उजेड तिथूनच परत येतो असं समजा.

रंग निवडताना एकच गोष्ट कटाक्षाने केली आणि तिचा फायदा झाला. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवला नाही. तीन शेड पसंत पडले होते. तिन्हींचे जमतील तेवढे लहान डबे घेतले आणि 22 बाय 28 इंचाच्या पांढऱ्या कार्डशीटवर प्रत्येकाचे दोन हात मारले, कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडून. ही पट्टी महत्त्वाची. जुन्या रंगाला टेकून नमुना लावला की डोळा जुन्या रंगाशी तुलना करतो. आमच्या जुन्या फिक्या हिरव्याशेजारी साधा क्रीमसुद्धा गुलाबी दिसत होता. कागद वाळले की ते सकाळी सातला, दुपारी बाराला, चारला आणि रात्री दिवा लावून पाहायचे. कधी खिडकीच्या भिंतीवर, कधी तिच्या समोरच्या, कधी थेट टाइलला लावून. इमल्शन ओला असताना फिका दिसतो, वाळल्यावर एक पायरी गडद होतो, म्हणून ओल्या कागदावर निर्णय घेऊ नका. शिवाय चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात. कार्डावर हलका वाटलेला पिवळा खोलीभर लागला की भडक होतो. मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिका घ्यावा, हा नियम लहान खोलीत हमखास चालतो.

तीनपैकी एक राखाडी झाक असलेला पांढरा रात्री निळसर आणि आजारी दिसला. दोष रंगाचा नव्हता, दिव्याचा होता: 6500 केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब. तिच्या जागी जरा पिवळसर उजेडाची 4000 ची लावली आणि तिन्ही कागद वेगळेच दिसू लागले. तेव्हा दिवा बदलायचा असेल तर तो रंग निवडण्याआधी बदला. मी शेवटी पिवळ्या मातकट झाकेचा फिका क्रीम घेतला. फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ भिंतीवर पिवळसर थरच देतात. निळसर पांढऱ्यावर तो लवकर दिसतो, या झाकेत बराच काळ दबून राहतो. फिनिश हलक्या चमकेचा घेतला. एकदम मॅट घेतला तर पुसलेल्या जागी डाग पडतात, आणि जास्त चमक घेतली तर पुट्टीची प्रत्येक लाट दिसते.

इथवर सगळं सुरळीत झालं. आता अडलं ते सांगते.

दसऱ्यानंतरचे दिवस, दुकानात दिवाळीची गर्दी. एक लिटरचे दोन डबे मशीनवर करून घेतले, म्हणजे बेस या मूळ रंगात मशीनने शेडप्रमाणे रंगद्रव्यं सोडली. एक लिटरनंतरचा डबा थेट चारचा, तेवढा लागणार नव्हता. पण दोन लिटर पुरले नाहीत. ओट्यावरच्या दोन फूट टाइल्सच्या वर होत्या त्या जुन्या टाइल्स काढून नवी पुट्टी भरली होती आणि त्या पट्ट्यावर प्रायमर एकच पातळ हात बसला होता. पुट्टी रंग पिते. तिथे तिसरा हात लागला आणि खिडकीची भिंत अर्ध्यावर राहिली. चूक माझीच, नव्या पुट्टीचं क्षेत्र मी हिशेबात वेगळं धरलं नव्हतं.

तिसरा डबा आणायला गेले. काउंटरवर नंबर सांगितला, त्यांनी मशीनमध्ये टाकला, डबा हलवून हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजवीकडे उभा पट्टा दिसत होता. नवा भाग किंचित करडा, आणि तिरप्या उजेडात जास्त निस्तेज. दुकानात सांगितलं तर उत्तर आलं, "ताई, नंबर तोच आहे, पूर्ण वाळला की सारखा होईल." मी थांबले. इमल्शन चार ते सहा तासांत पुढच्या हाताला तयार होतो आणि त्याचा रंग एक दिवसात ठरतो. आठवडाभर वाट पाहून काहीही सारखं होत नाही. मी मात्र पाच दिवस वाट पाहिली. परत गेले तर म्हणाले, मशीनवर केलेला रंग परत घेत नाही. हा नियम बहुतेक दुकानांत असतो आणि तो मला मान्य आहे, कारण टिंट केलेला डबा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण मग डबा देण्याआधी तपासायची जबाबदारी कुणाची?

उलगडा घरी झाला. तिन्ही डब्यांच्या झाकणावरची, मालाचं नाव आणि शेड नंबर छापलेली चिकटपट्टी शेजारी ठेवून वाचली. शेड नंबर एकच होता, पण पहिल्या दोन डब्यांवर एका इमल्शनचं नाव आणि तिसऱ्यावर त्याच कंपनीच्या दुसऱ्या, जरा महागड्या मॅट इमल्शनचं. माझ्या मालाचा बेस संपला होता म्हणून त्यांनी चांगला समजून दुसरा दिला, आणि सांगितलं नाही. शेड नंबर ही फक्त कृतीची खूण असते. तीच कृती वेगळ्या बेसमध्ये केली की रंग तंतोतंत तोच येईल याची खात्री नसते, आणि चमक वेगळी असेल तर रंग जुळला तरी डोळ्याला पट्टा दिसतोच.

दुसरं कारण मशीनचं. माझ्या शेडमध्ये तीन कोलोरंट, म्हणजे मशीन सोडतं ती रंगद्रव्यं, होते: पिवळा ऑक्साइड, थोडा लाल ऑक्साइड आणि अगदी थेंबभर काळा. फिक्या शेडमध्ये, तेही एक लिटरच्या डब्यात, काळ्याचं प्रमाण इतकं कमी असतं की नळीच्या तोंडाशी रंग सुकून अडकला किंवा अर्धा थेंब जास्त पडला तरी झाक बदलते. चार लिटरमध्ये तीच चूक चौथाईवर येते. म्हणून फिका शेड लहान लहान डब्यांतून वेगवेगळ्या दिवशी आणणं हाच मुळात धोका.

दुसऱ्या दुकानात जुन्या डब्याची चिकटपट्टी घेऊन गेले आणि काउंटरवर चार गोष्टी वाचून दाखवल्या: मालाचं पूर्ण नाव, फिनिश, बेस, शेड नंबर. त्यांच्याकडेही तो बेस दोन दिवसांनी येणार होता. आल्यावर डबा उघडायला लावला, झाकणावर बोटभर रंग लावला, पंख्याखाली वाळवला आणि घरून नेलेल्या कार्डशीटच्या तुकड्याशी दारात, दिवसाच्या उजेडात ताडून पाहिला. दुकानातल्या ट्यूबखाली ताडू नका. दहा मिनिटं जातात, मागे रांग असली तरी जाऊ द्या. तुम्ही डबा घेऊन बाहेर पडलात की तो तुमचा झाला.

नव्या डब्यातही केसभर फरक होता. तो आमच्या पेंटरनी मिटवला, आणि ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दोन डब्यांच्या तळाशी उरलेला थोडा रंग आणि नवा डबा त्यांनी एका बादलीत एकत्र केला आणि पॅच न मारता खिडकीची पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवली. दोन भिंतींवर उजेड तसाही वेगळ्या कोनातून पडतो, त्यामुळे केसभर फरक कोपऱ्यात विरून जातो. भिंतीच्या मध्ये तोच फरक रोज नजरेला टोचतो. ती भिंत एकसारखी वाळलेली पाहिली तेव्हा खरोखर सुटल्यासारखं वाटलं. आज कुणालाही जोड दाखवता येत नाही.

आता पुन्हा करायचं झालं तर हिशेब दोन लिटरचा आला तरी पहिल्याच दिवशी तीन डबे घेईन, आणि तिन्ही एका बादलीत मिसळूनच सुरुवात करीन. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. पहिल्या डब्यात अंदाजाने ओतलेलं पाणी आणि दुसऱ्यात ओतलेलं पाणी वेगळं असेल, तर झाकण्याची ताकद बदलते आणि तोही पट्टाच होतो.

हे खरं तर सुरुवातीला यायला हवं होतं: रंगाआधी भिंत धुणं. चिमणी असो वा नसो, गॅसच्या वरच्या आणि आजूबाजूच्या भिंतीवर तेलाचा न दिसणारा थर असतो आणि त्यावर नवा रंग धरत नाही, सहा महिन्यांत पोपडे सुटतात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून पुसायचं, मग दोनदा साध्या पाण्याने, कारण सोडा भिंतीत राहिला तरी रंगाला बाधतो. पूर्ण वाळू द्यायचं. बोट फिरवून चिकट लागलं तर पुन्हा. नंतर 180 नंबरचा पॉलिश पेपर, आणि पुट्टी भरलेल्या जागी शेवटी 320 चा. जुना ऑइल पेंट असेल तर त्याची चमक पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं. पावसाळ्याची ओल भिंतीत असेल तर कोणताही शेड निवडण्यात अर्थ नाही, आधी गळती शोधा.

गडद पिवळा, केशरी किंवा लाल भिंतीचा विचार असेल तर एक सूचना. हे शेड ज्या बेसमध्ये बनतात त्यात पांढरं रंगद्रव्य कमी असतं, म्हणून ते खालचं नीट झाकत नाहीत. दोनऐवजी तीन, कधी चार हात धरा आणि डबे त्याप्रमाणे घ्या, नाहीतर माझ्यासारखीच अर्धी भिंत उरेल.

हळदीचा शिंतोडा उडाला तर साबण लावू नका. साबणाने हळद लाल होते आणि डाग वाढल्यासारखा दिसतो. आधी ओल्या फडक्याने टिपून घ्या. उरलेली पिवळी खूण ऊन येणाऱ्या भिंतीवर काही दिवसांत आपोआप फिकी पडते. आमच्या उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, म्हणून असे डाग झाकायला बादलीत शेवटी उरलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवला आहे. बरणीवर मालाचं नाव, फिनिश, बेस, शेड नंबर आणि तारीख लिहिली आहे, आणि तिन्ही डब्यांच्या चिकटपट्ट्यांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत.