सफारी फेब्रुवारीत, थिरथिरा रोज सकाळी

आमची गाडी मंगळवारी 3 फेब्रुवारीला दुपारी सुटणार, आज 29 जानेवारी, आणि मी बॅग भरायची सोडून मागच्या दारात चहा घेऊन बसलेय. समोर धुण्याचा दगड, त्याच्या पलीकडं पाण्याचं परळ, आणि दगडावर ती. तपकिरी, चिमणीएवढी, नीट बघितलं नाही तर चिमणीच वाटावी अशी, पण शेपटी विटकरी आणि ती शेपटी एक मिनिट गप्प राहत नाही, थंडी वाजल्यासारखी थरथर थरथर. म्हणूनच नाव थिरथिरा. ही मादी आहे, नर काळा असतो आणि पोटाला विटकरी. उन्हाळ्यात हिमालयात, तिबेटाकडं असतात आणि ऑक्टोबरात आमच्या कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या धुण्याच्या दगडावर येतात, आता याला काय म्हणायचं.

तर सफारीचं. दिवाळीच्या फराळाला आम्ही कॉलेजच्या सातजणी जमलो होतो, तिथं चकली खाताखाता ठरलं की आता पोरं मोठी झाली, आता ताडोबा. नाव मीच काढलं. वाघ बघायचा तर नीट जाऊन बघायचा, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान आहे, 1955 चं, आणि आपण अजून दाजीपूरच्या गव्यांच्या पुढं गेलो नाही. सगळ्या हो म्हणाल्या, ग्रुप झाला, ग्रुपचं नाव 'पट्टेरी', आणि पुढं आठ दिवस त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगशिवाय काही आलं नाही.

शेवटी मीच मनावर घेतलं, कारण हौस माझी. आणि पहिला प्रश्न हा की जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, बसतात सहा, ड्रायव्हर आणि गाईड धरून आठ, आणि आम्ही सात. दुसरी जिप्सी एकटीसाठी कोण घेणार? दोन दिवस ग्रुपवर नुसतं 'मी थांबतो गं, तुम्ही जावा' 'छे छे, मीच थांबतो' चाललेलं (आमच्यात बायकापण येतो-जातोच म्हणतात, पुण्याची सून झालेली एकटीच आता येते-जाते करती). सगळ्या थांबायला तयार आणि थांबणार कुणीच नाही. मग साताऱ्याचीच्या मुलीच्या परीक्षेची तारीख आली नेमकी त्याच आठवड्यात आणि प्रश्न सुटला, म्हणजे तिला वाईट वाटलं, पण सुटला.

मग तारीख. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद असतो हे आधी डोक्यात ठेवायचं, आणि शनिवार-रविवार महाग पडतो म्हणून आम्ही गुरुवार दुपार आणि शुक्रवार सकाळ अशा दोन फेऱ्या धरल्या. गेट मोहर्ली. कोलारा घ्यावं असं शाहूपुरीवालीचं म्हणणं, तिच्या भाच्याला तिथं वाघ दिसलेला. मी म्हटलं अगं तो वाघ आहे, पानपट्टीवाला नव्हे रोज त्याच जागी बसायला. मोहर्लीच ठरलं.

आता बुकिंग ऑनलाइन, त्यात प्रत्येकीचं नाव, वय, ओळखपत्राचा नंबर भरायचा आणि तेच ओळखपत्र ओरिजिनल गेटवर दाखवायचं. मी सगळ्यांकडनं फोटो मागवले. एकीनं अर्धा कापलेला पाठवला, एकीनं उलटा, गडहिंग्लजवालीनं मतदान कार्ड पाठवलं ज्यावर तिचं माहेरचं नाव, आणि मी खुळ्यासारखं तेच भरलं कारण आम्ही तिला त्याच नावानं ओळखतो. हे नंतर लक्षात आलं, रेल्वेच्या तिकिटाला तिनं आधार पाठवलं तेव्हा. म्हणजे बाई एक, ट्रेनमध्ये एक आडनाव आणि जंगलात दुसरं. बरं, चालतं ते, ओरिजिनल कार्ड बरोबर असलं की झालं, पण ते कार्डच सापडेना, कपाटं उलटीपालटी झाली, पंधरा दिवसांनी गॅसच्या पुस्तकात मिळालं.

पण खरी गंमत पैसे भरताना झाली, आणि त्यात चूक सरळसरळ माझी. कार्ड नवऱ्याचं, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि तो त्या वेळी रंकाळ्यावर फिरायला. मी त्याला आधी सांगून ठेवलेलं की फोन करीन, आलेला नंबर लगेच सांगायचा. मी लॅपटॉप घेऊन मागच्या दारात बसलेली, नेट तिथंच बरं येतं. फोन लावला, तो म्हणाला थांब आला बघ मेसेज, चष्मा काढतो, आणि तेवढ्यात दगडावर थिरथिरा. पहिल्यांदाच एवढ्या जवळ, पाच-सहा फुटांवर. तिनं मान खाली घातली, दगडाच्या भेगेतनं एक मुंगळा काढला, गिळला, शेपटी थरथरवली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी श्वासच घेतला नाही. फोनमधनं नवरा नंबर सांगतोय, दोनदा सांगितला म्हणे, मला त्यातला एक आकडा ऐकू आलेला नाही. भानावर आले तवर वेळ संपलेला, पेज सगळं परत पहिल्यापासनं, सहाही जणींची नावं, वयं, नंबर.

दुसऱ्यांदा भरलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून बसले. झालं एकदाचं. नवरा घरी आल्यावर म्हणाला, वाघ बघायला जाताय का चिमण्या? मी म्हटलं चिमणी नव्हे ती.

रेल्वेचं सोपं होतं. आता 60 दिवस आधी बुकिंग उघडतं, म्हणजे 3 फेब्रुवारीसाठी 5 डिसेंबरला सकाळी 8 वाजता, मी पावणेआठपासनं बसलेली, या वेळी नवरापण शेजारी बसवलेला. महाराष्ट्र एक्सप्रेस, कोल्हापुरातनं निघते ती पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला करत पार गोंदियापर्यंत. एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला. आम्ही वर्ध्याला उतरणार दुसऱ्या दिवशी, तिथनं गाडी करून हिंगणघाट, वरोरा, भद्रावती आणि मोहर्ली. पुण्याची रात्री पुण्यात चढणार. मंगळवारी निघायचं म्हणून राजारामपुरीवाली खूश, अंबाबाईचा वार, सकाळी दर्शन घेऊनच येतो म्हणाली.

आणि यात एक मजा अशी की आमचं हे सगळं चाललेलं असताना नोव्हेंबरात ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडली, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. चांदोली आमच्या उशाला. आम्ही तिकडं निघालो तर तीच इकडं आली. इचलकरंजीवालीनं बातमी टाकून खाली लिहिलं, 'तिकिटं कॅन्सल करा, पाव्हणी घरी आली'.

मधले दोन महिने मात्र मी वाया घालवले नाहीत. राजारामपुरीवालीच्या मुलाची दुर्बीण मिळाली, 8 बाय 42. म्हणजे आठ पट जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर, हे मला आत्ता कळलं, आधी मला वाटायचं आकडा मोठा तेवढी भारी. पहिले चार दिवस दुर्बिणीतनं फक्त पानं दिसली. आंब्याची, शेवग्याची, एकदा शेजारच्यांचा टॉवेल. पक्षी दिसला की मी मान खाली करून दुर्बीण शोधायचे, डोळ्याला लावायचे आणि मग पक्षी कुठं होता ते शोधायचे, तवर तो गेलेला. मग त्या मुलानं शिकवलं, काकू नजर पक्ष्यावरनं हलवायचीच नाही, नुसती दुर्बीण वर आणायची डोळ्यांपुढं. आणि चष्म्यावरनं बघत असाल तर ती रबराची कडी खाली दुमडा. आणि उजव्या डोळ्याची रिंग आपल्या नंबराला एकदाच नीट लावून ठेवायची. एवढ्या तीन गोष्टींत माझं काम झालं. शेवग्याला फुलं आलेली, त्यावर शिंजीर यायचे, जांभळे काळपट दिसणारे, एका जागी दोन सेकंद थांबतील तर शप्पथ. त्यांच्यावर हात बसला तर वाघावर बसेलच की, वाघ काय एवढा उड्या मारत नाही.

जास्वंदीत एक नुसता आवाज होता. चक्... चक्... आपण जीभ टाळ्याला लावून काढतो तसा. दिसायला काही नाही, फक्त फांदी हलायची. पंधरा दिवस. शेवटी मोबाईलवर मर्लिन ॲप घेतलं, ते आवाज ऐकून पक्षी सांगतं, त्यानं सांगितलं ब्लिथ्स रीड वॉर्बलर, मराठीत बोरू वटवट्या. उन्हाळ्यात पार फिनलंडपासनं सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात असतो. दिसला तेव्हा मात्र माझा पोपट झाला, मातकट रंग, ना टिकली ना पट्टा, काही नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लांबनं आलाय तर जरा बरे कपडे घालून यायचं.

सासूबाईंना हे सगळं आधी खूळ वाटायचं. मी थिरथिरा कधी येते ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले, जिथं दुधाचा हिशोब असतो त्याच चौकोनात, 'थि. 7.50' असं. त्यांनी दोनदा विचारलं हे कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ. आठ वाजून गेलेले, मी कणीक मळत होते, आणि मागं एकदम गलका. खार ओरडतीय, एकसारखी, चिर्रप चिर्रप चिर्रप, न थांबता, शिंपी पक्षी किंचाळतोय, बुलबुल आलेत दोन, सातभाईंनी तर भाऊबंदकीच काढलेली. मी तशीच पिठाच्या हातानं बाहेर. जंगलात चितळ किंवा वानर ओरडलं की त्याला कॉल म्हणतात आणि गाईड लोक आधी ओरडणाऱ्याचं तोंड कुठं आहे ते बघतात, हे मी वाचलेलं. म्हटलं बघू. खार शेवग्याच्या खोडाला उलटी चिकटलेली, शेपटी दर हाकेला उडती, तोंड आंब्याकडं. बुलबुलांचंपण आंब्याकडं. मी त्या रेषेत वर बघत गेले आणि मधल्या फांदीवर, पानांच्या आड, शिक्रा. राखाडी पाठ, छातीवर बारीक तांबूस पट्टे, लालभडक डोळा. आणि पायाखाली काहीतरी धरलेलं. तो त्याची पिसं उपटत होता, सावकाश, एक ओढलं की मान वर, दुसरं ओढलं की मान वर, पिसं गिरक्या घेत खाली येत होती आमच्या धुण्याच्या दगडावर.

माझ्या पोटात गोळाच आला. त्या सकाळी कॅलेंडरवर 'थि.' लिहिलेलं नव्हतं.

तो उडाल्यावर मी खाली बसून पिसं गोळा केली. बारीक, तपकिरी, काही बुडाला पांढरट. एकेक करून उन्हात धरून बघितलं, विटकरी एकपण नाही. तरी जिवाला चैन नाही, म्हटलं शेपटीची तो वरच घेऊन गेला असेल. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीपण नाही. ग्रुपवर इचलकरंजीवाली खाकी कापडाचे फोटो टाकतीय, थान घेतलंय, सहाजणींचे कुर्ते एकदम शिवू, मेंदी पाहिजे का मातकट ते सांगा, आणि मी उत्तरच देत नव्हते. शेवटी तिनं फोन केला, काय गं, भांडण झालं का घरात? मी म्हटलं थिरथिरा आली नाही. ती गप्पच. मग म्हणाली, मातकट घेतो तुला.

चौथ्या दिवशी सकाळी मी भाजी चिरत होते आणि सासूबाईंनी मागच्या दारातनं हाक मारली, हळू आवाजात, त्या कधी हळू बोलत नाहीत. 'अगं ये, आली बघ तुझी शेपटीवाली.' दगडावरच. तशीच थरथर.

तर आता तयारी अशी. कुर्ते शिवून आले, मातकट सहा, आम्ही उभ्या राहिलो तर बालवाडीची सहल वाटेल. भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, खर्डा एक डबा, ट्रेनमध्ये जवळजवळ एक दिवस काढायचाय. पहाटे अंधारात उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते म्हणून कानटोपी आणि जुनी शाल. कोअरमध्ये मोबाईल चालत नाही, म्हणून फोटोचं काम कॅमेरावाल्या पुण्यावालीकडं, बाकीच्यांनी डोळ्यांनी बघायचं. दुर्बीण एक आणि बायका सहा, यावरनं तिथं भांडणं होणार हे धरूनच चाललोय. मतदान कार्ड गडहिंग्लजवालीच्या पर्समध्ये आहे, त्याचा फोटो तिनं काल परत पाठवला, पर्ससकट.

सासूबाईंना सांगितलं, मी नसताना परळात रोज ताजं पाणी घाला, आणि बोका आला तर हाकला. त्या म्हणाल्या मला कशाला सांगतीस, मला कळत नाही का. आत्ता कप ठेवायला आत गेले तर कॅलेंडरवर आजचा चौकोन आधीच भरलेला, त्यांच्या अक्षरात. दूध 1 लिटर. शेपटी 7.40.