टर्बो गेलाय का?

आठवड्यातून दोनदा तरी हा फोन येतो. "गाडी चढाला ओढत नाही, मागून काळा धूर मारते. टर्बो गेलाय का? किती खर्च येईल?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. कराडला माझं गॅरेज आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या कुंभार्ली घाट चढून येतात, त्यामुळे हे दुखणं मी रोज बघतो. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: नवा टर्बो मागवू नका, आधी हवा कुठे जाते ते बघू.

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच्यासोबत फिरणारा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. छोट्या डिझेल गाडीत हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती पुढच्या इंटरकूलरमधून फिरून, थंड होऊन इंजिनात जाते. या वाटेवर रबरी होज आहेत, क्लिपा आहेत, जोड आहेत. त्यातला एक जरी सुटला तरी टर्बो बिचारा फिरतच राहतो आणि दाबलेली हवा बॉनेटखाली वाया जाते. इंजिनाला हवा कमी, डिझेल मात्र मापाचं, म्हणून काळा धूर.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून एक गृहस्थ आले. आईला तपासणीसाठी दर महिन्याला कराडला आणतात. 1.3 लिटरची डिझेल गाडी, 1,40,000 किलोमीटर झालेली. घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. एका ठिकाणी त्यांना नवा टर्बो सांगितला होता आणि त्यासाठी त्यांनी एफडी मोडायचं ठरवलं होतं. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. मला म्हणाल्या, "बाबा, नीट बघून सांग. घाईनं सांगू नको."

गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला. दोषाचा कोड आला पी 0299. या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाने जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. टर्बो खराब आहे, असं तो कुठेही म्हणत नाही. तरीही कोड वाचून थेट टर्बो खोलायला घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी दाबाच्या सेन्सरने नुसता बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. चिपळुणात तो 1,000 मिलिबारच्या थोडा वर असतो, कराड उंचावर, म्हणून 950 च्या आसपास. त्यांच्या गाडीत 948 आला. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग गाडी चढाला काढली. उभ्या गाडीला रेस देऊन बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, कळत नाही, कारण इंजिनावर ओझं नसेल तर टर्बोला फिरवण्याइतका धूरच निघत नाही. तिसरा गिअर, एक्सलेटर पूर्ण दाबलेला. इंजिनाची मागणी 2,200 मिलिबारची, मिळत होते 1,500. स्कॅनरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे 950 धरलेले असतात, म्हणजे टर्बोकडून जिथे 1,250 यायला हवे होते तिथे जेमतेम 550 येत होते.

परत आणून एअर फिल्टरकडचा पाइप काढला, त्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण लावलं आणि कॉम्प्रेसरने हळूहळू एक बारपर्यंत हवा भरली. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. वरून सगळं कोरडं. खाली झोपून बॅटरी मारली, तेव्हा इंटरकूलरच्या खालच्या होजवर क्लिपेच्या कडेला फेस उकळत होता. हवा सोडली की चीर मिटायची, बोट फिरवलं तरी लागायची नाही. दाब आला की दोन बोटं उघडायची. खालच्या बाजूला तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ, एवढीच काय ती खूण. होज आणि दोन क्लिपा बदलल्या. त्याच चढावर 2,180 आले. टर्बोला हातही लावला नाही.

प्रत्येक वेळी होजच निघतो असं नाही. एअर फिल्टर चोंदलेला असतो, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो, एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरलेला असतो. साध्या टर्बोत वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणारं झाकण, उघडं राहिलं तर धूर पंख्याला बगल देऊन निघून जातो. पाती हलणाऱ्या टर्बोत ती पाती हलवणारा अ‍ॅक्च्युएटर बहुधा व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालतो आणि त्याची बारीक नळी उंदरांना फार आवडते. ती नळी काही रुपयांची असते हो.

आणि टर्बो खरोखर गेलेला असेल तर? तेव्हा निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं, सायरनसारखा आवाज निघतो. पाइप काढून शाफ्ट हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, तो तेलाच्या थरावर तरंगतो. मागेपुढे सरकत असेल किंवा पाती घराला घासली असतील तर मात्र बदलावाच लागतो. पण तेव्हाही नुसता टर्बो बदलून गाडी देणारा मेकॅनिक मला मान्य नाही. तो मेला कशाने, हे शोधलंच पाहिजे. बहुतेकदा लांबवलेल्या ऑइल बदलामुळे त्याला तेल पुरवणारी बारीक नळी आतून जळून बुजलेली असते. तीच नळी परत लावली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. शिवाय इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल धुऊन काढावं लागतं. राहिलं तर डिझेल इंजिन तेच तेल ओढून बेफाम धावू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

तेव्हा गाडी घेऊन या. टाकीत डिझेल असू द्या, आपल्याला चढावर जायचंय. आणि मागचं ऑइल कधी बदललं त्याची पावती असेल तर सोबत आणा.