कट्ट्यावरची संध्याकाळ

गुडघा कुरकुरायला लागल्यापासून शिवाजी पार्कला माझी एकच फेरी होते. त्यातही समर्थ व्यायाम मंदिरापाशी मी रेंगाळतेच. काल एक चिमुरडी मल्लखांबावर उलटी लटकून खालच्या मैत्रिणीशी निवांत गप्पा मारत होती. आणि मला मेली चप्पल घालायला भिंतीचा आधार लागतो!

मग कट्टा. शेजारचे आजोबा नातवाला सांगत होते, "हे आधी माहीम पार्क होतं, १९२७ साली महाराजांचं नाव दिलं." नातवाचं सगळं लक्ष भेळेत. तेवढ्यात नेटमधून सुटलेला चेंडू माझ्या पायाशी आला. मी जोरात फेकला. तो जेमतेम चार पावलं गेला. "थँक्यू आजी," म्हणाला कार्टा. आजी? पन्नाशीची आहे मी! घरी येऊन पदर झटकला, तर लाल मातीच माती.