गोळ्या चालू असताना ही तपासणी कशाला?

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, गोळ्या वेळच्या वेळी घेते, त्रास काहीच नाही, मग ही तपासणी कशाला?" त्याचेच उत्तर सविस्तर लिहिते.

हा कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. बहुतेकींचे शरीर हा विषाणू आपणच हटवते. प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर तो ठाण मांडून बसतो, आणि एरवी १५ ते २० वर्षे घेणारा आजार ५ ते १० वर्षांतच उभा राहू शकतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना हा धोका इतरांच्या सुमारे ६ पट असतो. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या, गोळ्यांनी तो कमी होतो, पण संपत नाही. पेशी बिघडू लागतात तेव्हा काही दुखतही नाही, म्हणून त्रास नसतानाच तपासून घ्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा स्त्रियांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि एचपीव्ही चाचणी दर ३ ते ५ वर्षांनी करावी असे सांगितले, ते यामुळेच.

या प्रश्नाच्या आड पुष्कळदा वेगळीच भीती असते: पुन्हा एका टेबलावर झोपायचे, पुन्हा एका अनोळखी माणसाला आपला आजार सांगायचा. म्हणून हे काम वस्तीतच, तिच्यासारखीच एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईच्या हातून सुरू व्हावे असा माझा आग्रह आहे. एचपीव्हीचा नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो. मऊ ब्रश हळूच आत सरकवायचा, फिरवायचा, नळीत ठेवून झाकण घट्ट लावायचे. दोन बैठका दाराशीच उभी राहिलेली एक बाई तिसऱ्या खेपेला आतल्या खोलीत गेली आणि नळी माझ्या हातात देत म्हणाली, "एवढंच?"

खरी कसोटी त्यानंतर असते. "पॉझिटिव्ह" हा शब्द या बायकांनी आयुष्यात एकदा ऐकलेला असतो, त्यामुळे एचपीव्हीचा असा निकाल म्हणजे कॅन्सर नव्हे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. पुढची तपासणी आणि गरज पडल्यास बिघडलेल्या पेशी काढण्याचा उपचार, यासाठी कुणीतरी तिच्याबरोबर जावेच लागते. नाहीतर नमुना घेण्याला काही अर्थ उरत नाही. उपचारानंतर १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी असते. ती तारीख मी तिच्या एआरटीच्या कार्डावरच लिहून देते, कारण ते कार्ड ती कधीच हरवत नाही.