खातं बंद करायचंय? मग आधी ओळखपत्र दाखवा!

लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम संगणकावर टाकणं म्हणजे डोक्याला ताप, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखादं जुनं ऑनलाइन खातं कायमचं बंद करून बघावं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) एका संध्याकाळी बसलं. आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहिलं, वायफाय आणि आवाज ठीक निघाले, मग इन्स्टॉल केलं. कागदपत्रं, तक्ते वगैरे करायचं लिब्रेऑफिस त्यात होतंच. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकलं, सगळे पासवर्ड एका जागी साठवायला कीपासएक्ससी घेतलं. या भागाबद्दल तक्रार करावी असं काही घडलंच नाही.

घडलं ते पुढे. कीपासएक्ससीत एकेक पासवर्ड भरत गेले तेव्हा आपली खाती कुठे कुठे पसरली आहेत ते पहिल्यांदाच एका जागी दिसलं. त्यातलं एक होतं धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपचं. नाव सांगत नाही. अ‍ॅप फोनवरून केव्हाच काढलं होतं. पण अ‍ॅप काढलं म्हणजे खातं गेलं असं नसतं, हे माहीत असूनही आपण तिकडे फिरकत नाही. लॉगिन केलं तर सगळं जागच्या जागी: वजन, जन्मतारीख आणि रोज पहाटे मी कुठल्या दारातून निघते व कुठल्या दाराशी परत येते याचे नकाशे. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या अशाच एका अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळ ओळखू आले होते. (माझं अ‍ॅप ते नव्हे.) लष्करी तळ जिथे लपत नाही तिथे माझं घर काय लपणार!

सेटिंगमध्ये ‘खातं निष्क्रिय करा’ एवढंच बटण होतं. निष्क्रिय म्हणजे इतरांना दिसणार नाही, कंपनीकडे मात्र राहणार. ‘कायमचं मिटवा’ हा पर्याय मदतीच्या पानांत खोल दडवलेला. तिथून एक फॉर्म, फॉर्म भरला की आपोआप येणारं उत्तर, आणि त्या उत्तरात दुवा त्याच मदतीच्या पानाचा. गोल फिरून पुन्हा तिथेच. वैतागून मी उत्तरातच लिहिलं की मला माणसाशी बोलायचंय. माणूस आला, आणि त्याने काय मागावं? सरकारी ओळखपत्राचा फोटो, शिवाय ते ओळखपत्र हातात धरून काढलेला माझा सेल्फी!

खातं उघडताना यांना फक्त ईमेल आणि पासवर्ड पुरला होता. नाव मी काय लिहितेय हेसुद्धा कोणी तपासलं नव्हतं. म्हणजे ओळखपत्र ताडून बघायला त्यांच्याकडे होतं काय? काहीच नाही. माझी माहिती कमी करा म्हणून मी दार वाजवलं, तर आधी आणखी थोडी द्या म्हणतात. मी नेमकं हेच विचारलं. उत्तरात पुन्हा तोच ठरावीक मजकूर, सुरुवातीला ‘आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे वाक्य. आणि मी कागदपत्रं जोडली नाहीत म्हणून काही दिवसांनी तक्रार ‘निकाली’ म्हणून आपोआप बंद!

इथे बहुतेक लोक एकतर ओळखपत्र पाठवतात किंवा नाद सोडतात. मला दोन्ही करायचं नव्हतं. यातून सुटले ती एका साध्या गोष्टीमुळे. कंपनीच्या गोपनीयता धोरणाच्या अगदी तळाशी एक वेगळा ईमेल पत्ता असतो, माहिती संरक्षण अधिकाऱ्याचा. ग्राहक सेवेचा आणि त्याचा संबंध नाही. त्या धोरणात युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्यातले हक्क आम्ही सगळ्याच वापरकर्त्यांना देतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमात माहिती मिटवून घेण्याचा हक्क आहे. १२ व्या कलमानुसार अर्ज करणाऱ्याच्या ओळखीबद्दल रास्त शंका असेल तरच जास्तीचा पुरावा मागता येतो, आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मी चार ओळींचा मेल लिहिला: नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहितेय, खात्यात लॉगिन करू शकते, याच पत्त्यावर खात्रीचा दुवा पाठवा, आणि एवढ्यावरही शंका असेल तर ती कोणती ते लेखी कळवा. रागाचा एक शब्दही घातला नाही. घालायचे होते पुष्कळ.

दुवा आला. दाबला. खातं मिटलं. बॅकअपमधल्या प्रती नेहमीच्या फेऱ्यात पुसल्या जातील असंही कळवलं. ओळखपत्राचा विषय कोणी काढलासुद्धा नाही. म्हणजे त्याची गरज मुळात नव्हतीच!

हे सांगताना आठवलं: जुना ईमेल पत्ता शेवटपर्यंत जिवंत ठेवा. नवा, चांगला ईमेल घेतल्याच्या उत्साहात जुना बंद केलात तर असे दुवे येणार कुठे? आधी खाती, मग पत्ता. आणि मिटवण्याआधी आपली माहिती उतरवून घ्या. मला माझ्या सगळ्या वाटा जीपीएक्स फाइलींत (नकाशावरची वाट साठवणाऱ्या फाइली) मिळाल्या. त्या आता ओपनट्रॅक्समध्ये आहेत. वाटा नोंदवणारं हे अ‍ॅप एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारात मिळतं आणि इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे नोंदी फोनबाहेर परस्पर जायचा प्रश्न येत नाही.

फ्री, म्हणजे मुक्त, सॉफ्टवेअरच्या प्रेमात असलेल्यांना एक गोष्ट थोडी टोचेल, पण या सगळ्या खटाटोपात ती मला नीट कळली. या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचा प्रकल्प जाहीर केला. त्या चळवळीने पुढे मांडलेली चार स्वातंत्र्यं, म्हणजे हवं तसं वापरणं, आतून वाचून बदलणं, प्रती वाटणं आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणं, ही माझ्या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामला लागू होतात. दुसऱ्याच्या सर्व्हरवर पडलेल्या माझ्या नकाशांना त्यांतलं एकही लागू होत नाही. लॅपटॉपवर लिनक्स असो की आणखी काही, ते तिथेच राहतात. म्हणून मी तरी म्हणेन, जुनी खाती आधी उपसा. ब्राउझर, ऑफिस वगैरे बदलायला एखादा रिकामा दिवस पुरतो.

‘अमक्या खात्याने लॉगिन करा’ असं करून जिथे जिथे शिरलो असू ती यादी त्या मोठ्या खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये मिळते. तिथून परवानगी काढली तरी पलीकडचं खातं उरतंच, म्हणून आधी पलीकडे मिटवा, मग इथली परवानगी काढा. उलट क्रमाने गेलात तर आत शिरायलाच जागा राहत नाही.

आणि कधी ओळखपत्र खरंच द्यावं लागलंच (बँकेसारख्या ठिकाणी देणं भागच असतं), तर गरज नसलेले आकडे झाका आणि प्रतीवर आडवं लिहा, कशासाठी दिलं आणि कोणत्या तारखेला. लिब्रेऑफिसच्या ड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये दोन मिनिटांचं काम.

त्या अ‍ॅपचं म्हणाल, तर खातं मिटल्यावर काही आठवड्यांनी त्यांचा मेल आला: ‘बरेच दिवसांत धावला नाहीत!’ खाली मेल बंद करण्याचा दुवा होता. दाबला, तर म्हणे आधी लॉगिन करा. त्याच अधिकाऱ्याला पुन्हा लिहिलंय. यावेळी तीन ओळींत आटोपलं.