आयटिनररीत नसलेला थांबा

टूर मॅनेजर लोकांना युरोप दाखवतो, असा एक समज आहे. दाखवतात ते लोकल गाईड. आमचं काम घड्याळ सांभाळायचं. बसच्या ड्रायव्हरला दिवसाकाठी ११ तासांची सलग विश्रांती कायद्याने द्यावी लागते. ती ९ तासांवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच. बसमधलं ड्रायव्हरच्या तासांची नोंद ठेवणारं यंत्र, टॅकोग्राफ, सगळं टिपत असतो आणि त्याला मस्का लावता येत नाही. म्हणून त्या तीनांतली एक सवलत मी नेहमी शेवटपर्यंत राखून ठेवते. यातली खुबी ऑफिसातल्या कुणाला आजवर कळलेली नाही.

रोमहून पाँपेईला जायचा दिवस होता. साताऱ्याकडचे एक काका, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, मुंबईच्या विमानतळापासून माझ्या मागे होते. "ताई, कॅसिनो वाटेवरच लागतं. ड्युटीचे तास मलाही कळतात, पण तेवढं बघा." कॅसिनो म्हणजे रोमच्या दक्षिणेचं गाव; त्याच्या डोंगरावर मठ आहे, दुसऱ्या महायुद्धात तिथे मोठी लढाई झाली. त्यांचे थोरले चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, जुलै १९४४ मध्ये इटलीत कामी आले. मठाच्या डोंगरावर चढताना गोळी लागली, असं घरात सगळे सांगत आलेले. गावातल्या स्मारकाच्या दगडावरही 'कॅसिनो' कोरलेलं.

मी ऑफिसला विचारलं. आयटिनररीत नाही ते करायचं नाही, असं उत्तर आलं. याच ऑफिसने मागच्या सीझनला चामड्याच्या दुकानाचा थांबा आयत्या वेळी घुसवायला लावला होता. तेव्हा आयटिनररी कुठे गेली होती कोण जाणे. ड्रायव्हरशी मी थेट बोलले, तो तयार झाला, आणि राखलेली सवलत खर्ची पडली.

आदल्या रात्री कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, साइटवर नाव शोधायला बसले. आडनाव तऱ्हेतऱ्हेच्या स्पेलिंगने टाकून पाहिलं, पण काही मिळेना. शेवटी काकांजवळच्या जुन्या पेन्शनच्या कागदावरचा सर्व्हिस नंबर जुळला. तिसरी पलटण, जुलै १९४४, कॅसिनो मेमोरियल. पॅनेलचा नंबर लिहून घेताना तारखेकडे लक्ष गेलं आणि झोप उडाली.

कॅसिनोचा मठ दोस्त राष्ट्रांच्या हाती आला १८ मे १९४४ ला. जुलैपर्यंत लढाई कुठच्या कुठे उत्तरेला सरकली होती. मराठ्यांची तिसरी पलटण तेव्हा पेरुजा शहराच्याही वर, टायबर नदीच्या खोऱ्यात होती. याच पलटणीतले माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलैला तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंही नाव कॅसिनोलाच आहे. कारण ते स्मारक त्या एका लढाईचं नाहीच. सिसिली आणि इटलीच्या मोहिमांत मेलेल्या, पण कबर कुठे ते ठाऊक नसलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावं तिथे एकत्र कोरली आहेत. कुणीतरी कागदावर स्मारकाचं ठिकाण वाचून तेच मरणाचं ठिकाण धरलं असणार. मग गोष्टीत डोंगर आला, चढण आली.

पाँपेई नेहमीसारखं झालं. राखेत गाडल्या गेलेल्या माणसांचे प्लास्टरचे साचे बघायला झुंबड, सेल्फी, "ताई, आमचा एक काढा ना." परतताना बस कॅसिनोच्या युद्ध-स्मशानभूमीपाशी थांबली (स्मारक तिच्यातच आहे), तेव्हा यातल्याच काही जणी खाली उतरेनात. स्मशानात जाऊन आल्यावर आंघोळ नको का? एका गृहस्थांनी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रात्रीच्या जेवणाची वेळ विचारली. जे उतरले त्यांतल्या दोघांनी परत चढताना बिसलेरीच्या बाटलीने पाय धुतले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर फीडबॅक फॉर्मवर आलं असतं.

काकांनी कुंकू आणलं होतं. दगडाला लावू नका, डाग जात नाही, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पुडी खिशात ठेवली. चुलत्यांचं नाव सापडल्यावर ते रडतील अशी माझी तयारी होती. ते रडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि मराठ्यांच्या यादीतलं पहिलं नाव मोठ्याने वाचलं. मग दुसरं. डेपोत सकाळी ड्युटी लावताना पुकारावीत तशी ते सगळी नावं वाचत गेले, कदम, जाधव, शिंदे, पवार, एकही न गाळता. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. मी त्याला हातानेच थांबवलं.

बसमध्ये काका म्हणाले, "माइकवरून सांगा ना सगळ्यांना, याच डोंगरावर पडले म्हणून." खिडकीतून मठ दिसत होता. मी माइक घेतला आणि म्हटलं, यांचे चुलते इटलीच्या लढाईत कामी आले. टाळ्या पडल्या.

रात्री जेवणानंतर काका माझ्या टेबलाशी आले. "तुम्ही डोंगराचं नाव घेतलं नाही."

आयुष्यभर गाड्यांच्या वेळा जुळवलेल्या माणसाशी खोटं काय बोलणार? तारीख दाखवली, पलटण दाखवली, नकाशा उघडला. ते बराच वेळ नकाशा बघत राहिले. मग विचारलं, "उद्या फ्लोरेन्सला जाताना हे लागतं का?" लागत नाही. हमरस्ता अरेझ्झोजवळून जातो, ते खोरं डोंगरापलीकडे, पूर्वेला. सवलत तर संपलेलीच होती. दुसऱ्या दिवशी अरेझ्झोपाशी मी त्यांना फक्त दिशा दाखवली.

तेव्हा सांगायला नको होतं की आधीच, रोम सोडण्यापूर्वी सांगायला हवं होतं, हे माझं अजून ठरत नाही. आधी सांगितलं असतं तर ते कॅसिनोला उतरले असते का?

परवा त्यांचा फोन आला. दगड बदलायचा विषय त्यांनी ग्रामपंचायतीत काढलाय. चुलतभाऊ अडून बसलाय. म्हणतो, सगळ्या पंचक्रोशीला कॅसिनो माहीत आहे, आता कशाला उकरून काढता? मी सुचवलं, 'इटली, १९४४' एवढंच कोरा, भांडणच मिटेल.

काकांना ते पटलं नाही. "इटली केवढी मोठी आहे, ताई," म्हणाले.